मातीचा नमुना आणि अहवालातील आकडा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात आणि स्वयंपाकघरापुरते ते खरेही आहे. पातेल्यातला तांदूळ एका जातीचा असतो, एका पाण्यात आणि एका आचेवर शिजत असतो. त्यामुळे एक शीत दाबून पाहिले की साऱ्या भाताचा अंदाज येतो. शेतातील माती आणि खाडीच्या तळाशी साचलेला गाळ यांना मात्र हा न्याय लावता येत नाही. एकाच शेतात उकिरड्याजवळची माती आणि मधल्या पट्ट्यातील माती यांत जस्ताचे प्रमाण वेगळे निघते. एकाच खाडीत वाळू संपून चिकट गाळ लागला की शिशाचा आणि तांब्याचा आकडा चढतो. असे असूनही शेतकऱ्याने कोणते खत विकत घ्यावे, बंदरातून उपसलेला गाळ कोठे टाकावा, बंद पडलेल्या कारखान्याच्या जमिनीवर घरे बांधू द्यावीत की नाही, यांसारखे निर्णय अखेर पिशवीतून प्रयोगशाळेत आलेल्या मूठभर मातीवरूनच घ्यावे लागतात. ती मूठ कोणी, कोठून, कशाने आणि कशी उचलली, हा प्रश्न म्हणूनच केवळ रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता राहत नाही. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक आरोग्य या दोहोंशी त्याचा निकटचा संबंध आहे.

पाच हजार टनांची प्रतिनिधी

धातूंचे मोजमाप करणाऱ्या यंत्रांनी गेल्या सात दशकांत केलेली प्रगती थक्क करणारी आहे. ऑस्ट्रेलियात संशोधन करणारे अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ साली अणूंच्या प्रकाशशोषणावरून धातूंचे प्रमाण मोजण्याची पद्धत मांडली आणि जे काम पूर्वी दिवसभर चाले ते काही मिनिटांत होऊ लागले. आजची यंत्रे अब्जांश भागापर्यंतचे प्रमाण सांगू शकतात. अहवालात दशांश चिन्हानंतर दोन आकडे छापलेले दिसले की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, आणि तो अगदीच अनाठायी असतो असेही नव्हे. परंतु यंत्र मोजते ते त्याच्यापुढे ठेवलेल्या परीक्षानळीतील द्रावाला. शेत त्याने पाहिलेले नसते.

या संदर्भात एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. तिच्या पहिल्या दोन फेऱ्यांत बागायती भागात अडीच हेक्टरांमागे आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे एक नमुना घ्यावयाचा, असे ठरले होते. अडीच हेक्टर क्षेत्रातील वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचे वजन सुमारे पाच हजार टन भरते. त्यातून अर्धा किलो माती प्रयोगशाळेत जाते आणि जस्त, लोह, तांबे व मंगल यांच्या परीक्षेसाठी तिच्यातील सुमारे दहा ग्रॅम माती घेतली जाते. म्हणजे पन्नास कोटी भागांपैकी एक भाग उरलेल्या सर्वांच्या वतीने साक्ष देत असतो. ही साक्ष खरी ठरावी म्हणून शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे खड्डे घ्यावेत. बांध, विहीर, झाडाची सावली, उकिरडा आणि जनावरे बांधण्याची जागा टाळावी. सर्व माती एकत्र कालवून तिचे चार भाग करावेत आणि समोरासमोरचे दोन टाकून देत देत अर्धा किलोपर्यंत यावे, असा नियम आहे. रणरणत्या उन्हात, दिवसाकाठी ठरावीक संख्येने नमुने गोळा करावयाचे असताना, आठ खड्ड्यांचे दोन होणे आणि तेही रस्त्यालगतच्या बांधाशेजारी होणे किती सोपे आहे, हे सांगावयास नको.

जस्ताची बादली

खड्डे योग्य जागी घेतले तरी धोका संपत नाही. मातीत जस्त एकूण किती आहे यापेक्षा पिकाच्या मुळांना त्यातील किती मिळू शकते, हे शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. लिंडसे आणि नॉरव्हेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार डीटीपीए नावाच्या रसायनाच्या द्रावात माती दोन तास हलवून हा उपलब्ध भाग काढतात. एक किलो मातीत असे जस्त ०.६ मिलिग्रॅमहून कमी निघाले तर सामान्यतः कमतरता आहे असे मानतात. अर्धा किलो नमुन्याच्या हिशेबाने ही मर्यादा ०.३ मिलिग्रॅम होते, म्हणजे साखरेच्या एका दाण्याहूनही कमी वजन. आता हा नमुना जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बादलीत कालवला, पितळी चाळणीने चाळला किंवा खताच्या रिकाम्या गोणीवर वाळत घातला, तर काय होईल? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे मात्र आडात नसलेले जस्त पोहऱ्यातच तयार असते.

या चुकीला किंमत आहे. भातावर पडणारा 'खैरा' हा रोग जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. यशवंत नेने यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले आणि तेव्हापासून झिंक सल्फेट हे शेतकऱ्याच्या खरेदीच्या यादीत आले. बादलीतून आलेल्या जस्तामुळे कमतरता झाकली गेली तर शेतकरी ते घालणार नाही आणि पिकाचे नुकसान सोसील. उलट शेतातील एखाद्या नापीक तुकड्यातूनच माती उचलली गेली तर गरज नसताना पैसे खर्च करील. दोन्ही प्रकारांत पत्रिकेवरचा आकडा सुबक छापलेलाच असतो.

नमुना वाळवणे आणि दळणे ही कामे तर हमालीची म्हणून हाताखालच्या माणसाकडे सोपवली जातात. पण माती कडक तापवून वाळवली तर द्रावात उतरणारे मंगल वाढते आणि ती अधिक बारीक दळली तर लोहाचा आकडा वाढतो. सावलीत वाळवा, ठरलेल्या चाळणीतून चाळा, या सूचना केवळ टापटिपीसाठी केलेल्या नाहीत. एकाच शेताची माती दोन प्रयोगशाळांत दिली आणि दोन वेगळे आकडे आले, तर यंत्राला दोष देण्यापूर्वी माती कोणी, कशी वाळवली हे विचारावयास हवे.

बाहेरून येणाऱ्या धातूने साऱ्या जगाची कशी दिशाभूल केली, याचे उदाहरण अमेरिकेतील क्लेअर पॅटरसन यांच्या संशोधनात सापडते. शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय काढण्याच्या प्रयत्नात त्यांना आढळले की, खोलीतील धूळ, काचेची भांडी, रसायने, इतकेच नव्हे तर काम करणाऱ्याचे केस यांतूनही शिसे नमुन्यात उतरते. ते रोखण्यासाठी त्यांनी कमालीची स्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे १९८० साली त्यांनी आणि डोरोथी सेटल यांनी डबाबंद ट्यूना माशाची परीक्षा केली, तेव्हा त्यातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या दहा हजार पटींपर्यंत गेल्याचे दिसून आले. ही गोष्ट कित्येक दशके कोणाच्या ध्यानात आली नव्हती, कारण ताज्या माशाच्या नमुन्यात प्रयोगशाळाच शिसे मिसळत होत्या आणि त्यामुळे ताजा मासा व डब्यातला मासा यांतील फरक झाकला जात होता. मोजमापातील चूक अशा रीतीने प्रदूषणाला संरक्षण देऊ शकते.

काळा गाळ उघड्यावर येतो तेव्हा

खाडी, बंदर आणि नदीमुख येथील गाळाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीकाठी किंवा मुंबईच्या कोणत्याही जेट्टीवर उभे राहिले की काळाकुट्ट चिखल आणि सडक्या अंड्यासारखा वास यांची ओळख पटते. त्या चिखलात प्राणवायू पोहोचत नाही. तेथील जिवाणू पाण्यातील सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात आणि कॅडमियम, शिसे, तांबे, जस्त यांसारखे धातू या सल्फाइडाशी घट्ट बांधले जातात. जोवर ते असे बांधलेले आहेत तोवर जलचरांना त्यांच्यापासून होणारा उपद्रव पुष्कळसा मर्यादित राहतो. हा चिखल उघड्यावर काढून वाळत घातला की त्याचा रंग तपकिरी होऊ लागतो, सल्फाइडावर प्राणवायूची क्रिया होऊन आम्ल तयार होते आणि बांधलेले धातू सुटे होतात. एकूण धातू तेवढाच राहतो. त्याचे रूप मात्र पालटते.

यामुळे गाळात धातू एकूण किती आहे, हा प्रश्न असेल तर वाळवलेला नमुना चालतो. त्यातील किती भाग पाण्यात उतरून माशांपर्यंत पोहोचेल, हा प्रश्न असेल तर तोच नमुना भरलेल्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड ठेवून, हवेचा स्पर्श टाळून आणावा लागतो आणि लवकर तपासावा लागतो. रक्तातील साखर तपासताना हाच अनुभव येतो. योग्य रसायन न घातलेल्या नळीत रक्त तासन्‌तास पडून राहिले तर रक्तातील पेशीच साखर खातात आणि मधुमेही माणसाचा अहवाल चांगला येतो. गाळाचा नमुनाही बाटलीत पडल्या पडल्या बदलत असतो.

पारा तर याहूनही चंचल आहे. गाळ वाळवण्यासाठी १०५ अंशांच्या भट्टीत ठेवला तर पाऱ्याचा काही भाग वाफ होऊन निघून जाऊ शकतो, म्हणून पाऱ्याच्या परीक्षेसाठी नमुना कमी तापमानावर किंवा गोठवून वाळवतात. वाळू आणि चिकण यांचा फरकही असाच निर्णायक ठरतो. धातू बारीक कणांना चिकटतात, वाळू ते प्रमाण सौम्य करते. तळातून गाळ उचलणारे भांडे वर येताना त्याच्या फटींतून बारीक गाळ वाहून गेला, तर उरलेली वाळू खाडीला निर्मळपणाचे प्रमाणपत्र देऊन टाकते. ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेल्या भागाचीच तुलना करावी, अशी पद्धत अनेक ठिकाणी पडली ती याच कारणाने. मात्र एका वर्षी सगळा गाळ आणि दुसऱ्या वर्षी चाळलेला गाळ तपासून प्रदूषण वाढले किंवा घटले असे जाहीर करणे, म्हणजे एका वर्षी मणाने आणि दुसऱ्या वर्षी किलोने मोजलेल्या धान्याची वजाबाकी करण्यासारखे आहे.

अशा आकड्यावर केवढा खर्च अवलंबून असतो, हे जपानच्या मिनामाता उपसागरात दिसून आले. तेथील मासे खाणाऱ्या लोकांत पाऱ्याच्या विषबाधेने उद्भवलेला भयंकर विकार १९५६ साली अधिकृतपणे नोंदवला गेला. गाळात दशलक्ष भागांत २५ भागांहून अधिक पारा असेल तेथे तो काढावा किंवा गाडावा, अशी मर्यादा पुढे ठरली. हे काम १९७७ ते १९९० पर्यंत चालले. सुमारे १५ लाख घनमीटर गाळाची विल्हेवाट लावण्यात आली, भर घालून ५८ हेक्टर जमीन तयार झाली आणि सुमारे ४,८५० कोटी येन खर्च झाले. त्या २५ भागांच्या रेषेच्या अलीकडे कोणता गाळ आणि पलीकडे कोणता, हे सांगण्यास बाटलीत भरून आणलेल्या नमुन्यांवाचून दुसरा साक्षीदार नव्हता.

प्रश्न कोणता, त्यावर खोली

नमुना चांगला की वाईट, हे कोणता प्रश्न विचारला आहे यावर ठरते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. पिकाच्या मुळांचा विचार असल्यामुळे शेतकी खाते पंधरा सेंटिमीटर खोल जाते आणि ते योग्यच आहे. शहरातील क्रीडांगणाच्या मातीचा प्रश्न वेगळा असतो. भारतात २००० साली शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले. परंतु त्याआधी रस्त्यांवर पडलेले शिसे आणि जुन्या रंगांच्या पोपड्यांतून झडलेले शिसे नष्ट होत नाही, ते वरच्या थराला चिकटून राहते. खेळणाऱ्या मुलाच्या हाताला आणि तोंडाला लागते ती वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांतील धूळ. तेथे पंधरा सेंटिमीटरांचा नमुना घेतला तर खालच्या स्वच्छ मातीने वरचे विष सौम्य होऊन अहवाल दिलासा देणारा येईल. यात कोणी खोटे बोललेले नसते. फक्त मुलासाठी विचारलेल्या प्रश्नाला गव्हासाठी तयार केलेले उत्तर दिले जाते.

सुखात्मे यांचा धडा

नमुन्याच्या हाताळणीतून आकडा कसा वाकतो, हे भारतीय संख्याशास्त्राला नवे नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या पिकाच्या नमुना पाहण्या सुरू केल्या. एकाच क्षेत्राची पाहणी दोन स्वतंत्र तुकड्यांकडून करवून घ्यावयाची आणि त्यांच्या निष्कर्षांतील तफावत उघडपणे मांडावयाची, ही त्यांची पद्धत. दुसरीकडे सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी कापणी प्रयोगांच्या अभ्यासातून १९४० च्या दशकात दाखवून दिले की, उत्पन्नाचा अंदाज करण्यासाठी अगदी लहान तुकडा आखला तर उत्पन्न फुगून येते. कारण आखणी करणारा कामगार सीमारेषेवरची रोपे सहजपणे आत घेतो. त्याच्या मनात लबाडी नसते. पण तुकडा जितका लहान तितकी सीमारेषा प्रमाणाने मोठी, आणि त्यामुळे चूकही मोठी.

या धड्यातील गाभा मातीच्या परीक्षेला जसाच्या तसा लागू पडतो. यदृच्छेने होणाऱ्या चुका कधी वर, कधी खाली जातात. नमुन्यांची संख्या वाढवली की त्या एकमेकींना बऱ्याच अंशी छेदतात. एकाच दिशेने होणारी चूक संख्येने बरी होत नाही. जस्ताच्या बादलीतून शंभर नमुने आणले काय किंवा लाख आणले काय, सर्वांत जस्त अधिकच निघणार. उलट लाखांच्या संख्येमुळे त्या चुकीला शास्त्राचे वजन प्राप्त होईल. मृदा आरोग्य योजनेच्या पहिल्या दोन फेऱ्यांत २२ कोटींहून अधिक पत्रिका वाटल्या गेल्या. एवढ्या मोठ्या देशात एवढे काम उभे राहणे हे निश्चितच कौतुकास्पद आहे. परंतु यशाचे माप पत्रिकांची संख्या हेच ठरले, तर नमुना घेणाऱ्याने घाई करावी अशीच व्यवस्था आपण निर्माण करतो.

मोहोर आहे, पहारा नाही

नमुना काळजीपूर्वक घेणे अशक्य आहे, असे मात्र नाही. लोहखनिजाच्या व्यापारात ते नेहमीचे काम आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याच्या खाणींतून जपानला खनिज जाऊ लागले. अशा खनिजाचा भाव त्यातील लोहाच्या टक्केवारीवर आणि ओलाव्यावर ठरतो. म्हणून जहाज भरताना ठरलेल्या क्रमाने नमुने घेतात, त्यांचे हिस्से करतात, विकणारा आणि घेणारा यांना एकेक देतात आणि वाद उद्भवल्यास तटस्थ प्रयोगशाळेकडे पाठवण्यासाठी एक हिस्सा मोहोरबंद करून ठेवतात. अर्ध्या टक्क्याच्या फरकाने लाखोंचा व्यवहार हलत असल्यामुळे दोन्ही बाजूंचे डोळे नमुन्यावर खिळलेले असतात.

खाडीच्या गाळाला असा जागरूक धनी नाही आणि शेतकऱ्याला आपल्या मातीचे काय झाले हे पाहण्याची संधी क्वचितच मिळते. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ साली झाला, त्यातील अकराव्या कलमात हवा, पाणी, माती यांचे नमुने कसे घ्यावेत याची तरतूद आहे. नोटीस द्यावी, नमुना मोहोरबंद करावा, सह्या घ्याव्यात आणि तो विनाविलंब प्रयोगशाळेत पाठवावा, असा तिचा रोख आहे. यामुळे नमुना बाहेरून बदलला गेला नाही, एवढी हमी मिळते. तो बाटलीच्या आतल्या आत बदलला नाही, याची हमी कोणतीही मोहोर देऊ शकत नाही. त्यासाठी नमुना कोणत्या साधनाने, किती खोलीवरून, किती ठिकाणांहून घेतला आणि तो कसा ठेवला, कसा वाळवला याची लेखी नोंद लागते.

उपाय अवघड नाहीत आणि फारसे खर्चाचेही नाहीत. दर वीस नमुन्यांमागे एक जागा अशी असावी की जेथून दोन कर्मचारी एकमेकांस न विचारता नमुना घेतील. महालनोबीसांच्या दोन तुकड्यांचे हे लहान रूप होय. दर खेपेला एक कोरा नमुना, म्हणजे धातू नसल्याची खात्री असलेली शुद्ध वाळू, त्याच खुरप्याने, त्याच घमेल्यातून आणि त्याच पिशवीतून जावा; तिच्यात धातू आढळला तर तो शेतातला नव्हे हे तत्काळ कळेल. धातूंचे प्रमाण आधीच निश्चित केलेली प्रमाण माती दर दिवसाच्या कामात मिसळावी. या तिन्हींचे निकाल दडवून न ठेवता अहवालावर छापावेत. स्टेनलेस पोलादाचे खुरपे, प्लास्टिकचे घमेले आणि स्वच्छ कापडी पिशवी यांची किंमत कोणत्याही आधुनिक यंत्राच्या किमतीपुढे नगण्य आहे.

आधीच अपुऱ्या मनुष्यबळात हे अधिक काम कोण करणार, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो निराधार नाही. या पाच-सात टक्के वाढीव नमुन्यांसाठी एकूण नमुन्यांची संख्या थोडी घटवावी लागली तरी हरकत नसावी. विश्वास ठेवता येईल असे नव्वद आकडे हाती असले तर धोरण आखता येते. संशयास्पद शंभरांवरून फक्त तक्ते तयार होतात. आपल्या अंदाजपत्रकांत यंत्रखरेदीला तरतूद सहज मिळते, कारण यंत्राचे उद्‌घाटन करता येते. खड्डा खणणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणाचे आणि त्याच्या योग्य मोबदल्याचे उद्‌घाटन होत नाही. मात्र मोजमापाच्या साखळीतील पहिली कडी त्याच्याच हातात असते आणि तेथे झालेली चूक पुढील कोणत्याही यंत्राला दुरुस्त करता येत नाही. महाविद्यालयांतील आणि कृषी विद्यालयांतील विद्यार्थ्यांना यंत्राची कळ दाबावयास शिकवण्याआधी एक दिवस शेतात नेऊन नमुना घेण्यास शिकवले, तर पुढे कोणताही अहवाल हाती आल्यावर ही माती कोठून आणि कशी आली, असे विचारण्याची सवय तरी त्यांना लागेल.